मुळावरची गाठ आणि रक्ताचे नाते

सोयाबीन किंवा भुईमूग पेरून पस्तीस-चाळीस दिवस झाले, पीक फुलावर येऊ लागले, की वावरातले एक झाड काढून पाहा. ओढू नका, खुरप्याने बाजूची माती मोकळी करून अलगद काढा, नाहीतर जे पाहायचे ते मातीतच राहील. मुळ्या पाण्यात खंगाळा. त्यांच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी, लालसर रंग दिसला तर समजा की तुमचे पीक हवेतला नत्र कमावते आहे. गाठ आतून पांढरी निघाली तर ती कोवळी किंवा कुचकामी. हिरवट-तपकिरी निघाली तर तिचे दिवस भरले.

ही परीक्षा मी पुष्कळ वर्षे करीत आलो. पण तो लाल रंग कशाचा, हे कधी कोणाला विचारले नाही. ते मला माझ्या मुलीने सांगितले, आणि तेही अशा दिवसांत, की घरात चूल पेटत होती पण घास कोणाच्या घशाखाली उतरत नव्हता. ती हकीकत आज तुम्हाला सांगतो. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असे बरेच दिवस वाटत होते. पण माझी थोरली बहीणच म्हणाली, "लिही बापू. माह्या वाट्याले आलं ते दुसऱ्या कोन्या मायच्या वाट्याले येऊ नये."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती आमच्यापासून नऊ कोसांवरच्या गावी गेली. १९८७ साली तिला पहिला मुलगा झाला. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. सहा महिन्यांचा झाला आणि एके दिवशी त्याच्या हातापायांचे पंजे सुजले. पोर हात लावू देईना. सूज उतरली, पण तेव्हापासून त्याच्या मागे काही ना काही लागलेच. थंडी पडली की सांधे दुखत. डोळे पिवळे दिसत. चार पोरांबरोबर धावला की धाप लागे. कोणी कावीळ म्हटले, कोणी संधिवात, कोणी बाहेरची बाधा. औषधे झाली, अंगारे झाले, नवस झाले. ताईची सासू म्हणे, "हिच्याच रक्तात खोट हाय. आमच्या घरात असं कधी नव्हतं." ताई ऐकून घेई.

१९९६ च्या पौषात त्याला ताप भरला आणि दोन दिवसांत पोर गेले. नऊ वर्षांचे होते. काय आजार होता ते शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही.

ताईला दुसरा मुलगा होता, १९९० चा. तो धडधाकट. आणि १९९४ साली माझ्या घरी मुलगी झाली तेव्हा ताई बारशालाच म्हणाली होती, "ही माही सून." आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, हे तुम्हाला सांगायला नको. आम्हीही हसून मान डोलावली. पुढे एकवीस वर्षे ते सगळ्यांनी धरूनच ठेवले होते.

२०१५ च्या पावसाळ्यात गावात रक्ततपासणीचे शिबिर झाले. मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिने स्वतःचे रक्त दिले, मलाही ओढून नेले. काही दिवसांनी कागद आले. दोघांच्याही कागदावर लिहिले होते, 'सिकलसेल वाहक'. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा. तीस वर्षे वखर-नांगर हाकला, पोती उचलली, कधी एक दिवस अंथरूण धरले नव्हते. मी म्हटले, "कागद चुकला असेल." मुलगी म्हणाली, "नाही बाबा. वाहकाला सहसा त्रास होत नाही. आता दादाचं रक्त पाहायला पाहिजे." दादा म्हणजे ताईचा मुलगा. तोही वाहक निघाला.

मुलीने मला सरळ सांगितले, "बाबा, हे लग्न करायचं नाही. दोघंही वाहक असलो तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळ मूल आजारी निपजायची."

आता मी काय बोललो ते लपवीत नाही. मी म्हणालो, "चारात एकच ना? तीन तर बरे." बहिणीचे घर, माहितीचे माणूस, शब्द दिलेला, माझ्या मनाला तेवढेच दिसत होते.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या एकाचं नाव तुम्ही विसरले का, बाबा? तो आत्याचा थोरला होता."

मी उठून बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी ताईकडे जाऊन सांगितले. ताई उभी राहूनच बोलली, "काऊन रे बापू, माह्या सासूनं मले खोटी रक्ताची म्हटलं, आता तू बी तेच म्हनतं का?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर अडीच वर्षे ती माझ्या दारी आली नाही.

त्या रात्री मी मुलीला म्हटले, "मला समजेल असं सांग. नुसता कागद नको." तिने तुटलेल्या माळेचे मणी आणि दोरा घेतला आणि आम्ही दोघे नवराबायको ओसरीवर बसलो. तिने सांगितले ते, आणि पुढे मी स्वतः वाचून-विचारून जे समजून घेतले ते, माझ्या भाषेत तुम्हाला सांगतो.

आपण प्रथिने म्हणतो ते डाळीत, दुधात, अंड्यात असते एवढेच आपल्याला ठाऊक. पण आपले मांस, कातडी, केस, जनावराचे शिंग, अन्न पचवणारे पाचक रस, जखम भरणारे रक्त, या सगळ्यांत काम करणारी ती प्रथिनेच. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक माळ. मणी वीस प्रकारचे. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी ओवायचा हे आईबापांकडून आलेल्या बीजात लिहिलेले असते. मुंगी असो, बैल असो, बाभूळ असो की तुम्ही-आम्ही, मणी तेच वीस. फरक ओवण्याच्या क्रमात.

पण नुसती माळ कामाची नाही. ओवून झाली की ती आपोआप वळते, वळ्या पडतात, घड्या पडतात आणि तिचा एक ठरलेला आकार होतो. कुलपाला किल्लीचा आकार लागतो, तसे प्रत्येक प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर चालते. आपल्या मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली ही माळ कोणत्या कोनांत वाकू शकते आणि कोणत्या कोनांत वाकूच शकत नाही, याचा नकाशा मांडला. तो आज जगभर वापरतात.

आकार मोडला की काय होते हे माझ्या घरधनिणीने बरोबर ओळखले. ती म्हणाली, "म्हणजे अंड्यासारखं?" अगदी तसेच. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पातळ, आरपार दिसणारा. उकळत्या पाण्यात त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, माळा एकमेकींत गुंततात आणि बलक घट्ट पांढरा होतो. मणी तेच, क्रम तोच, पण घडी मोडली. मग ते अंडे थंड पाण्यात ठेवा की आणखी काही करा, पुन्हा कच्चे होत नाही.

रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. चार माळा एकत्र गुंतून ते होते. दोन माळा १४१ मण्यांच्या, दोन १४६ मण्यांच्या. प्रत्येक माळेच्या घडीत एक खोबण असते आणि त्या खोबणीत लोहाचा एक कण बसवलेला. फुप्फुसात गेले की लोह प्राणवायू धरतो, आणि अंगात जिथे गरज तिथे सोडतो. एका रक्तकणात असे सुमारे सत्तावीस कोटी हिमोग्लोबिन. इंग्लंडमध्ये मॅक्स पेरुट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ साली त्याचा आकार शोधायला घेतला आणि १९६० च्या सुमारास तो हाती लागला. त्याचा सहकारी जॉन केंड्रयू याने स्नायूंतल्या तशाच लाल प्रथिनाचा आकार काढला; त्यासाठी त्याने देवमाशाचे मांस वापरले होते. दोघांना १९६२ चे नोबेल मिळाले. एका आकारासाठी माणसाने उभी बावीस-तेवीस वर्षे घातली. आज संगणकाला मण्यांचा क्रम दिला तर तो आकाराचा अंदाज सांगतो, आणि त्या कामालाही २०२४ साली नोबेल मिळाले.

आता मुलीने १४६ मण्यांच्या माळेची सुरुवात ओवून दाखवली. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, आणि सहावा ग्लुटामिक आम्ल. मग तिने सहावा मणी काढला आणि त्या जागी दुसऱ्या रंगाचा घातला. म्हणाली, "एवढंच. हाच सिकलसेल."

सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. १४६ पैकी एक मणी. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले, की या रोगात हिमोग्लोबिनच वेगळे असते. व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ साली तो नेमका मणी पकडला. मूळचा मणी पाण्याशी सलगी करणारा. बदलून आलेला मणी तेलकट, पाण्यापासून अंग चोरणारा. प्राणवायू सोडल्यावर हा तेलकट मणी शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन चिकटतो. तो त्याच्या शेजाऱ्याला. असे करत लांब कडक दोऱ्या तयार होतात आणि बिचारा गोल, मऊ रक्तकण विळ्यासारखा वाकडा होतो. सिकल म्हणजे विळाच. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त पुढे जात नाही, म्हणून असह्य दुखते. चांगला रक्तकण सुमारे १२० दिवस जगतो, हा दहा-वीस दिवसांत फुटतो. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

मी ऐकत होतो आणि माझ्यापुढे ताईचा थोरला उभा होता. पहिले सहा महिने तो बरा का होता, तेही कळले. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये ही १४६ मण्यांची नेहमीची माळ नसून तिची दुसरी बहीण असते, आणि तिच्यात हा दोष नसतो. जन्मल्यानंतर काही महिन्यांत ती मागे पडते, नेहमीची माळ कामाला लागते आणि मग त्रास सुरू होतो. पंजे का सुजले, थंडीत का दुखे, धावल्यावर धाप का लागे, सगळ्याचा उलगडा झाला. अशा मुलांची पानथरीही लवकर निकामी होते, म्हणून रोगजंतूंशी झुंजायची ताकद कमी पडते. त्याला आलेला ताप साधा ताप नव्हता. त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे होते. आम्ही अंगारा लावीत बसलो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येकाला ही माळ ओवण्याचे लिखाण दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत चुकलेली असेल तर माणूस वाहक. तो सहसा धडधाकटच असतो. दोन्ही चुकलेल्या आल्या तरच रोग. म्हणजे ताईचा मुलगा आजारी होता याचा अर्थ एक प्रत ताईकडून आली आणि दुसरी तिच्या नवऱ्याकडून. ज्या सासूने जन्मभर सुनेला बोल लावला, तिच्या स्वतःच्या लेकाचा त्यात निम्मा वाटा होता. मायबहिणींनो, हे वाक्य पुन्हा वाचा आणि घरात वाचून दाखवा.

मग मी विचारले, "अशी खोट इतक्या लोकांत टिकली कशी? निसर्ग तर रोगट बी मागे टाकतो." याचे उत्तर ऐकून मी चकित झालो. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४९ साली असा विचार मांडला, की रक्ताचे असले दोष आणि हिवताप यांचा संबंध असावा. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले. वाहक माणसाला जीवघेणा हिवताप सहसा होत नाही. ज्या रानावनांत हिवतापाने पोरे पटापट जात, तिथे वाहक मुले तगली, मोठी झाली, त्यांना लेकरे झाली. अशा रीतीने तो बदललेला मणी पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आपल्याकडे नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत आणि विदर्भात इतरत्र, आदिवासी बांधवांत आणि इतर समाजांतही तो आढळतो. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांत नोंदला गेला. म्हणजे हा कोणाच्या पापाचा भोग नव्हे की पायगुण नव्हे. आपल्या पूर्वजांना ज्याने हिवतापातून वाचवले, त्याचीच ही दुसरी बाजू. एक प्रत ढाल, दोन प्रती घाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मला वावरात घेऊन गेली. सोयाबीन फुलावर आले होते. तिने झाड काढले, गाठ चिरली आणि विचारले, "बाबा, हा लाल रंग कशाचा?" मी म्हटले, "चांगल्या गाठीचा." ती म्हणाली, "हे हिमोग्लोबिन आहे."

मला वाटले, चेष्टा करते. पण खरे आहे. कुबो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ साली सोयाबीनच्या गाठीतला हा लाल पदार्थ हिमोग्लोबिनच्या जातीचा असल्याचे दाखवले. त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. त्याचे काम मोठे नाजूक. गाठीतले रायझोबियम जीवाणू ज्या प्रथिनाच्या मदतीने हवेतला नत्र बांधतात, ते प्रथिन मोकळ्या प्राणवायूने बिघडते. पण जीवाणूंना श्वास घ्यायला प्राणवायू तर हवाच. मग झाड हे लाल प्रथिन तयार करते. ते प्राणवायूला मोकळे फिरू देत नाही. स्वतः धरते आणि मोजून मोजून जीवाणूंना पोचवते. पाटाच्या पाण्यावर पाटकरी असतो ना, कोणाचे वावर तुंबू नये आणि कोणाचे कोरडे राहू नये म्हणून पाळीने पाणी सोडणारा, तसा हा प्राणवायूचा पाटकरी.

या माळेचे मणी आणि आपल्या रक्तातल्या माळेचे मणी जुळवून पाहिले तर शंभरात वीसही जुळत नाहीत. पण घडी तीच! १९७५ साली रशियन शास्त्रज्ञांनी एका शेंगवर्गीय झाडाच्या गाठीतल्या प्रथिनाचा आकार काढला, तो केंड्रयूच्या देवमाशाच्या प्रथिनासारखाच निघाला. तशाच वळ्या, तशीच खोबण, खोबणीत लोह, आणि लोहाला धरून ठेवणारा मणीही तोच, हिस्टिडिन. झाडे आणि प्राणी यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली. त्याआधीच्या कोणा एका पूर्वजाकडे ही घडी होती. तेव्हापासून मणी एकेक बदलत गेले. काही बदल निरुपद्रवी, काही उपयोगी, काही घातक. जे खोबण सांभाळून राहिले ते टिकले. माणसाच्या आणि घोड्याच्या १४१ मण्यांच्या माळेत १८ मण्यांचा फरक आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या माळेत एकाचाही नाही. भाऊबंदकीत कोण जवळचा, कोण लांबचा, हे जसे वंशावळीवरून कळते, तसे ते या माळांवरूनही कळते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. अठरा मणी बदलूनही घोडा दौडतो, शंभरात ऐंशी बदलूनही सोयाबीनची गाठ काम करते, आणि एकच मणी भलत्या जागी बदलला तर नऊ वर्षांचे पोर जाते. किती बदलले याला महत्त्व नाही. कोणत्या जागी बदलले याला आहे. धुऱ्यावरचे बाभळीचे झाड तोडले तर वावराचे काही जात नाही, पण बांधाचा नेमका दगड हलला तर एका पावसात माती वाहून जाते.

आणि हे मणी आपल्याला मिळतात कुठून? निम्मेअधिक मणी शरीर स्वतः घडवते, पण नऊ प्रकारचे मणी अन्नातूनच यावे लागतात. ज्वारीत लायसिन हा मणी कमी, डाळीत तो भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाणारी आपली आजी काही अडाणी नव्हती. प्रत्येक मण्यात नत्र असतो. तुरीच्या, हरभऱ्याच्या डाळीतल्या नत्राचा मोठा वाटा त्या लाल गाठीतून आलेला असतो. म्हणजे मुळातले लाल प्रथिन नत्र राखते, त्याची डाळ होते, डाळीचे मणी सुटतात आणि आपल्या रक्तातली लाल माळ त्यांतून ओवली जाते. तेव्हा पेरणीआधी बियाण्याला जिवाणू खत चोळायचा कंटाळा करू नका. ज्या पिकाचे असेल त्याच पिकाचे घ्या, बुरशीनाशक लावायचे तर आधी लावा, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरा.

असो. हकीकत पुरी करतो.

२०१८ च्या संक्रांतीला ताई आली. अंगणात उभी राहून तिने तिळगूळ पुढे केला. म्हणाली, "पोरासाठी पोरगी पाहून आली. आधी रक्ताचा कागद मागतला. त्यायले राग आला, पन देला." मुलगी साधी निघाली होती, वाहक नव्हती. एक वाहक आणि एक साधा, अशा जोडीचे मूल फार तर वाहक होते, आजारी होत नाही. ताईला हे कोणी सांगितले? माझ्या मुलीनेच. ती मला न सांगता आत्याला भेटत होती. पहिल्या दोन खेपांना आत्याने तिला चहासुद्धा विचारला नव्हता.

जेवणे झाल्यावर ताई वावरात आली. उशिरा पेरलेला हरभरा होता. मी एक झाड काढले, गाठ चिरून तिच्या तळहातावर ठेवली आणि सगळे सांगितले. सासूचे बोल, दोन प्रती, निम्मा वाटा, सगळे. ती बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिली. मग एवढेच विचारले, "म्हंजे माह्यानं काही चुकलं नव्हतं ना रे?"

मी म्हटले, "नाही ताई. काहीच नाही."

बावीस वर्षे तिने तो प्रश्न पोटात ठेवला होता.

त्याच वर्षी भाच्याचे लग्न झाले, पुढच्या वर्षी माझ्या मुलीचे. दोन्ही घरी आता पोरे आहेत. थंडीतही ओट्यावर उघडी नाचतात.

वाचकहो, कुंडली पाहायची तर पाहा, पण त्याआधी दोघांचे रक्त पाहा. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे आणि २०४७ पर्यंत हा रोग हटवायचा असे तिचे लक्ष्य आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. दोघेही वाहक असूनही लग्न झालेच असेल तर घाबरू नका, भांडू नका. दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना सांगा, गर्भाची तपासणी वेळेत होऊ शकते. घरात आजारी मूल असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, लसी चुकवू नका, ताप आला तर रात्र काढू नका. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, दुखणे कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने देऊ नका.

आणि यंदा पीक फुलावर आले की एक झाड काढून गाठ चिरून पाहा. पोरांना जवळ बोलवा. त्यांना सांगा, हा रंग आपल्याच रक्ताच्या भाऊबंदांचा आहे.